उलंगवाडीचा टॅग

"याले 'बिनकामाचा' लावू, का 'जावई'?" घाटंजीच्या कॉम्प्युटर क्लासात काका पडद्याकडे बघत पुटपुटत होते.

जगातल्या प्रत्येक वस्तूला टॅग लावल्याशिवाय काकांना घास गिळवत नसे. बाबांचे हे मित्र आयुष्यभर कापूस खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवत आले. खरेदी थंडावली तसा त्यांनी क्लास काढला, पण हाताची खोड गेली नाही. क्लासातल्या कॉम्प्युटरांवरच्या फुकट ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हजारो पॅकेजेस, म्हणजे तयार प्रोग्रॅम, होती. ती सापडावीत म्हणून त्यांना 'खेळ', 'आवाज' असे टॅग असत. काकांना ते अळणी वाटत. आपोआप सुरू होऊन मेमरी खात बसणारं पॅकेज 'जावई'. एकाला बोलावलं की आणखी वीस जणांना घेऊन येणारं 'वरात'. ज्याचे कर्ते सोडून गेले ते 'उलंगवाडी', म्हणजे शेवटची वेचणी होऊन ढोरं सोडलेलं शेत. आणि त्याच कापसाच्या पऱ्हाट्यांना पाणी देऊन पुन्हा बोंडं काढावीत, तसा सोडलेला प्रोग्रॅम कोणी नव्याने हाती घेतला, की 'फरदड'. एका विद्यार्थ्याला पत्र लिहायचं पॅकेज काही केल्या सापडेना. काका म्हणाले, "'सासुरवाडी' शोध नं बे! पत्र जाते कुठं दुसरं?"

काकू चहा आणून म्हणत, "याले टॅग लावत बसू नका, थंडा होईन. अन् मले कोणता लावला जी?"

"तुले? 'ॲडमिन'."

मला 'म्यूट' लावला होता. शाळेत मी इंग्रजीत गप्प बसायचे, इथे वऱ्हाडीत. पण गावात घराबाहेर माझी म्हणावी अशी जागा म्हणजे तिथली कोपऱ्यातली खुर्चीच; तिथे बसून ऐकता ऐकताच मी सगळं शिकले.

कापसाचं आणखी एक साल वाईट गेलं आणि बॅच रिकाम्या पडल्या. एका दुपारी काकांनी दारावर चिठ्ठी चिकटवली: 'उलंगवाडी'. तेवढ्यात दोन मुली आल्या.

"क्लास बंद झाला का जी?"

"झाला वं बाई. आता शिकवाची ताकत नाही राह्यली."

मुली वळल्या. काका चिठ्ठीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबत राहिले. मी खुर्चीवरून उठले.

"काका, टॅग चुकला. 'फरदड' लावा. या वं पोरींनो, मी शिकवते."