टर्बो थंड होईपर्यंत

आमच्या घरात तेव्हा खोल्या दोन आणि माणसं भरपूर. नवरा-बायकोनं बोलायचं ते डोळ्यांनीच, आणि माझे डोळे मुळातच रागीट, त्यामुळे ह्यांना त्यात भलतंच काहीतरी दिसायचं.

कापसाचे ते वाईट दिवस होते. हे कापसाच्या ज्या जिनिंग मिलमध्ये फिटर होते ती बंद पडली आणि पुण्याहून चुलतदिरांचा निरोप आला, कंपनीत जागा आहे, या. माझी अंगणवाडी इथे, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मला काही सोबत जाता येणार नव्हतं. दारात एक जुनी डिझेल गाडी होती. मारेगावकडून यवतमाळच्या दवाखान्यात पेशंट आणायचं काम मिळत होतं, पण माणसं भरली की शेवटच्या चढावर गाडी धापा टाकायची. चढली तर राहतो, नाहीतर जातो, असं हे एकदा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले. माझा घास तोंडातच राहिला.

यवतमाळजवळ लोहाऱ्याला ह्यांच्या मित्राचं गॅरेज होतं. तो मला भाभी म्हणायचा, माझ्या चहाला नावं ठेवायचा आणि वर अजून एक कप मागायचा. टर्बोची कल्पना त्याचीच. इंजिनाच्या धुरावर एक चाक फिरतं आणि ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, एवढं मला समजलं. नागपूरच्या भंगारातून दोघांनी दोन टर्बो आणले, एक ट्रकचा, एक जीपचा, आणि आमच्या ओसरीवर वाद घालत बसले. ह्यांना अर्थातच मोठा हवा होता.

"मोठा लावशीन तं चढ सरल्यावर जागा होईन तो," मित्र म्हणाला. "लहान लाव. लहान लवकर उठते."

जीपच्या टर्बोचा दांडा हलवून पाहिला, ढिला नव्हता. लेथवर जोड करून घेतला, ऑइल यायला एक नळी आणि जायला एक नळी बसवली. मग कापसाच्या मोसमात आमच्याकडचे ड्रायव्हर करतात तेच केलं. रस्ताभर कापसाचे तंतू उडतात, फिल्टर सारखा गच्च होतो. म्हणून तो काढून ठेवायचा आणि हवा घ्यायच्या तोंडावर जुन्या साडीचा मऊ तुकडा बांधायचा. मित्रानं माझ्याकडे मागितला. मी माझ्या हिरव्या सुती साडीचा पदर फाडून दिला.

गाडी भरल्या माणसांनिशी चढली. पुण्याचं नाव घरात निघेनासं झालं. संध्याकाळी कोपऱ्यावर टर्बोची बारीक शिट्टी ऐकू आली की मी चहा टाकायची.

मित्रानं ह्यांना बजावलं होतं, आल्या आल्या गाडी बंद करायची नाही. टर्बो तापलेला असतो, थंड होईपर्यंत त्यात ऑइल फिरत राहिलं पाहिजे. म्हणून हे दारात गाडी चालू ठेवून बसून राहायचे. चहा निवेल म्हणून पहिल्या दिवशी मी कप बाहेर नेला. दुसऱ्या दिवशी दोन नेले आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. काचा वर, इंजिनाची धडधड, घरातल्या कुणाला एक शब्द ऐकू जायचा नाही. बोलणं कसलं, पोराचे दात, रस्त्यातले खड्डे, कुणाच्या लग्नातली फजिती. पण लग्नानंतर इतकं हसलेली मी मला आठवत नाही.

हे विचारायचे, "बंद करू काय?"

"राहू द्या अजून थोडी."

सासरे ओसरीवरून खाकरायचे. मी वळूनसुद्धा बघत नव्हते.

मग एका दुपारी त्याच चढावर शिट्टीची किंकाळी झाली आणि मागून काळा धूर निघाला. मित्रानं टर्बो उघडला तर चाकाला माझ्या साडीच्या हिरव्या चिंध्या गुंडाळलेल्या. टर्बो नसताना इंजिन हळू हवा ओढायचं, कापड जागेवर राहायचं. टर्बोनं ते गिळून टाकलं होतं, आणि चाकाचे तुटलेले तुकडे इंजिनात गेले होते. आता गाडी काही उपयोगाची नव्हती.

"जिंदगीभर जसा बांधला तसाच बांधला, भाभी," मित्र म्हणाला आणि तिथेच खाली बसला. त्याच आठवड्यात हे पुण्याला गेले.

दिवाळीला यायचे, परत जायचे. तिथल्या मशीनच्या आवाजानं ह्यांचे कान गेले. आता कायमचे आलेत. सासू-सासरे नाहीत, खोल्या मोकळ्या आहेत, आणि काही सांगायचं तर मला ओरडावं लागतं. ओरडून सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नसतं.

परवा मुलानं नवी गाडी आणली. ह्यांना शेजारी बसवून चक्कर मारून आणली. कोपऱ्यावर तीच बारीक शिट्टी ऐकू आली आणि माझ्या हातांनी आपोआप दोन कप भरले. मी बाहेर आले तर मुलानं किल्ली फिरवलेली.

"काहून बंद केली?" हे म्हणत होते. "राहू दे अजून थोडी."

मुलगा हसला. नव्या गाड्यांना रोजच्या फिरण्यात ते लागत नाही, बाबा, असं त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाला आणि खाली उतरला. हे मात्र तसेच बसून राहिले. काचेतून त्यांनी माझ्या हातातले कप पाहिले, आणि आतूनच शेजारचं दार उघडलं.

मी जाऊन बसले. इंजिन बंद होतं, आणि काही बोललं असतं तर सगळ्या घराला ऐकू गेलं असतं. आम्ही चहा पिऊन उतरलो.