राईतले ब्लॉक आणि विमलताई

विमलताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथात गोड लिहायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण ताईंना गोड बोलणं कधी जमलं नाही, तेव्हा त्यांच्याबद्दल मी तरी गोड का लिहावं?

शहरातल्या उद्यान विभागातून निवृत्त होऊन ताई जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला आल्या. गाव निमशहरी होऊ लागलं होतं; देवीची राई तेवढी सावलीला उरली होती. बिबट्या दडतो म्हणून आम्ही तिथली करवंदाची जाळी काढली आणि शोभा यावी म्हणून पार बुंध्यांपर्यंत सिमेंटचे ब्लॉक बसवले. माझे थोरले बंधू देवस्थान समितीचे अध्यक्ष होते. उद्घाटनाला आलेल्या ताई एका बुंध्याशी वाकल्या आणि भर मांडवात म्हणाल्या, "अध्यक्ष, मुळांना पाणी कुठून जायचं? गळा आवळलाय तुम्ही झाडाचा."

भाऊ हसले. "देवीची झाडं हायेत ताई. तिला न्हाई व्हय काळजी?"

पुढे राई शेंड्याकडून वाळू लागली. ताई समितीकडे खेटे घालत राहिल्या : ब्लॉक काढा, वाळक्या फांद्या उतरवा. पण राईतली काडीसुद्धा तोडायची नाही, असा आमच्याकडे दंडक. सिमेंट ओतताना तो कुणाला आडवा आला नाही, मेलेली फांदी उतरवताना मात्र आला. एका दुपारी, वारा नसताना, बेहड्याची फांदी कोसळली. खाली भाऊ झाडलोट करत होते. ते जागीच गेले.

तेराव्यापर्यंत ताई रोज येऊन वहिनींजवळ बसत. "मी सांगितलं होतं" हे शब्द त्यांच्या तोंडून आजतागायत निघालेले नाहीत. इतक्या फटकळ बाईंनी ते गिळले, याचं मोल आमच्या घराला कळतं.

नंतर ग्रामसभेत अख्खी राई तोडून पार्किंग करायचं घाटत होतं. ताई बोलायला उठल्या तर लोक ओरडले, "तुमी बसा ताई! माणूस गेलंय राव!"

तेव्हा वहिनी उभ्या राहिल्या. "माझंच गेलंय ना? मग मी सांगते. फांदी मेली व्हती, आन् ती आपुनच मारली. आता ताई सांगत्याल तसं करायचं."

सभेने ते मानलं. तरी करवत धरायला कुणी पुढे येईना. शेवटी ताईंनी देवीपुढे नारळ ठेवला, "पाप लागायचं ते मला लागू दे" म्हणाल्या, आणि पहिली करवत स्वतः चालवली. मग आम्ही पहारीने ब्लॉक उखडले. उशीर झाला होता. बरीच झाडं गेली. उरलेल्यांच्या बुडाशी ताई पालापाचोळा पसरतात, जाळीची रोपं लावतात. झाडं जगतील का, असं विचारलं की चिडतात. "मुळं कुजली असली तर माझ्या हातात काही नाही हो!"

ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. यात उपचार कमी आणि स्वार्थ जास्त आहे. परवा शेजारच्या गावच्या राईतही ब्लॉकचे ट्रक उतरले. ताई, तुमचे गुडघे दुखतात हे आम्ही जाणतो, तरी लवकर बऱ्या व्हा, आपल्याला तिकडे जायचंय. त्या गावात अजून कुणी मेलेलं नाही.