थोरलीची दोन इंजिनं

माझी थोरली लहानपणापासून हट्टी. एखादी गोष्ट मनात घेतली की बोलून दाखवायची नाही, करून मोकळी व्हायची. कॉलेज अर्धवट सोडून मासेमारी करणाऱ्या मुलाशी लग्न केलं, तेही असंच. जावई मात्र सोन्यासारखा निघाला. गेल्या वर्षी त्याच्या होडीचं एकुलतं एक इंजिन भर समुद्रात बंद पडलं आणि लाटांनी होडी खडकांवर नेऊन आपटली. तो गेला, आणि त्याच्याबरोबर जाळं ओढायला जाणारा शेजारणीचा मुलगाही गेला.

त्यानंतर थोरली माझ्याकडे राहायला आली. दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायची. नात तिच्या वेणीशी खेळायची, "आई, ऊठ ना" म्हणायची, तरी ती हलायची नाही. मग एक दिवस उठली, न्हायली, बाहेर गेली आणि परत येऊन म्हणाली, एक जुनी होडी घेतेय. मला समुद्राचं नावही नको होतं. पण निदान ती उठली होती, त्यामुळे नाही म्हणवेना. मी दोनच अटी घातल्या. होडीला दोन इंजिनं हवीत, आणि सोबत दुसरं माणूस हवं. ती लगेच हो म्हणाली. नवऱ्याचा कोणी मावसभाऊ येणार आहे, असंही सांगितलं.

इंजिनं घ्यायला मी बरोबर गेले. दुकानदार जावयाच्या ओळखीचा, तोंडाने फटकळ पण मनाचा चांगला. त्याने आधी बटण दाबून सुरू होणारी मोठी जोडी दाखवली. थोरली म्हणाली, जुन्या होडीची मागची फळी एवढं वजन पेलणार नाही, मागून पाणी आत येईल. तिला लहान जोडी हवी होती, दोरी ओढून सुरू होणारी. शिवाय प्रत्येकाला वेगळी टाकी. एकीच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तरी दुसरं इंजिन चालू राहावं म्हणून.

"वहिनी, आता दुकानही तुम्हीच चालवा, मी जातो घरी," दुकानदार म्हणाला. थोरली किती महिन्यांनी हसली.

मग तिने स्टँडवरच्या इंजिनाची दोरी ओढून पाहिली. आधी उजव्या हाताने, मग डाव्या. मग खाली बसून, एका हाताने स्टँड घट्ट धरून. शेवटी विचारलं, दोन्ही इंजिनं मधे दांडी टाकून जोडता येतील का, म्हणजे एकाच माणसाला वळवता येतील.

एकाच माणसाला. मावसभाऊ वगैरे कोणी नव्हताच, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

दुकानदारालाही शंका आली असावी. हातातलं फडकं खाली ठेवून त्याने मलाच विचारलं, "काकू, होडीवर वहिनींसोबत कोण असणार? एकटीने जायला मी इंजिन देणार नाही, आधीच सांगतो. मागचं अजून विसरलेलो नाही मी."

मी ‘कोणी नाही’ म्हटलं असतं, तर सगळं तिथेच थांबलं असतं. थोरली माझ्याकडे बघत नव्हती. तिचा हात इंजिनावरच होता. मला ती भिंत आठवली.

"तिचा दीर येतो ना," मी म्हटलं.

परतताना टेम्पोत ती इंजिनांना टेकून बसली. मग बाहेर बघतच म्हणाली, "कोणाला नेऊ, आई? ज्याला नेईन त्यालाही आई असणारच." ती शेजारीण अजून धक्क्यावर येऊन बसते. थोरली दिसली की उठून जाते.

आता थोरली पहाटे जाते, दुपारी येते. दोन इंजिनांचा तो एकात एक मिसळलेला जाड आवाज मला लांबूनच कळतो. नातीला भरवत असले तरी कान तिकडेच. आज आवाज आला तो बारीक, एकाच इंजिनाचा. घास हातातच राहिला. ती आली, हात धुऊन जेवायला बसली. उजव्या टाकीत पाणी गेलं, डाव्या इंजिनावर आले, म्हणाली. जेवून उठल्यावर टाकी रिकामी केली, पुसली आणि अंगणात उपडी घातली.

उद्या जाणार का, हे मी विचारलं नाही. निजताना तिने गजर लावला. टाकी आतून नीट वाळली की नाही, ते मी मघाशी बोट घालून चाचपून आले.