खंडेनवमीला बंद केलेला स्विच

तंबाखू भरलेला ट्रक वखारीच्या गेटात उभा होता आणि कॉम्प्युटरवरून ई-वे बिल निघत नव्हतं. बिलाशिवाय माल कोगनोळीच्या सीमानाक्यापलीकडे महाराष्ट्रात नेता येत नाही. त्यात दसऱ्याच्या मुहूर्ताचा ट्रक. निपाणीहून मालकांचा फोन आला तसा मी बेळगावातून निघालो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी अशी कामं घ्यायचो. त्या वखारीचं नेटवर्क मीच बसवलं होतं.

पोचलो तर स्विचवर झेंडूची माळ आणि कुंकवाची बोटं. आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती. वजनकाट्यापासून प्रिंटरपर्यंत सगळ्यांची पूजा झाली होती. ऑफिसची झाडलोट आणि ही पूजा शोभाक्काकडे असायची.

“बटण कुणी बंद केलं?” मालकांनी तिला विचारलं.

“मीच की. करंट चालू ठिवून पुसायचं व्हय?”

“आणि पाणी वतलंस वर?”

“फुलानं शिंपडलं, मालक. म्हशीगत धुतलं न्हाय.”

हमाल हसले. मालक हसले नाहीत.

स्विच म्हणजे कॉम्प्युटरच्या वायरी एकत्र येतात तो डबा. वायर खुपसायच्या त्याच्या भोकांना पोर्ट म्हणतात. काही पोर्ट मी ऑफिसला दिले होते आणि काही गेटवरच्या ड्रायव्हरांच्या वायफायला. डबा एकच, पण आत भिंत. यालाच व्हीलॅन म्हणतात.

लॅपटॉप जोडला. भिंत नव्हती. स्विच कोरा होता. बिलाचे कॉम्प्युटर ड्रायव्हरांच्या राउटरला जाऊन मिळाले होते आणि त्यांना ऑफिसचा सर्व्हर सापडत नव्हता.

कारण मला तिथेच कळलं. स्विचला दिलेली सेटिंग वीज असेपर्यंत चालते. ती कायम राहायला शेवटी सेव्हची कमांड द्यावी लागते. ती मी दिली नव्हती. यूपीएसमुळे स्विच कधी बंदच पडला नाही, म्हणून माझी चूक झाकून राहिली होती. पाण्याचा काही संबंध नव्हता.

सेटिंग पुन्हा दिली. या वेळी सेव्ह केली. बिल निघालं, ट्रक गेला.

“काय झालतं, साहेब?” मालकांनी विचारलं.

“पॉवर गेल्यानं सगळं उडालं.”

शब्दाला शब्द धरला तर हे खरंच होतं. मालकांनी शोभाक्काकडे बघितलं. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिलो.

दिवाळीआधी तिला कामावरून काढलं. मला ते पुढच्या खेपेला कळलं. तेव्हाही बोललो नाही. खरं कळलं तर मालक माझ्या जागी दुसरा माणूस बघतील, ही भीती होती.

त्याला काही वर्षं झाली. यंदा तिचं घर शोधत गेलो. उंबऱ्यात विड्या वळत बसली होती. सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

“पाण्यानं बिघडलं न्हाय, ह्ये मला ठावं हुतं,” ती म्हणाली. “तुमास्नीबी ठावं हुतं, ह्ये आज कळलं. च्या घेताय न्हवं?”

घेतला.

मालकांनाही फोन केला. “जाऊ द्या साहेब, लई जुनं झालं,” म्हणाले. तिच्या जागी केव्हाच दुसरी बाई लागली होती.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना एवढंच सांगतो. काम झालं की सेव्ह करा. मग मालकासमोर स्विच स्वतःच्या हातानं बंद करून परत चालू करा. बिघडायचं असेल तर तेव्हाच बिघडू दे. त्या वेळी तिथं दोष द्यायला दुसरं कुणी नसतं.