बांद्याहून येणारा घुमटवाला

चतुर्थीच्या आधी पेडण्याच्या बाजारात बांद्याहून एक म्हातारा यायचा आणि घुमटांवर, म्हणजे आरतीला वाजवायच्या मडक्यासारख्या वाद्यांवर, कातडं चढवून द्यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी भावाला वास्कोच्या नोकरीतून रजा मिळाली नव्हती. आरतीला घुमट वाजवणारं घरी कुणी नव्हतं. मला ताल येत होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, पण मुलीने घुमटाला हात लावायची रीत नव्हती.

"मडकां डिचोलीचां," मी नेलेलं घरचं घुमट हातात घेताच म्हातारा म्हणाला. ओलं कातडं ताणून त्याने दोरी आवळली आणि घुमट उन्हात ठेवलं. दुपारी कातडं वाळलं का म्हणून त्यावर गाल टेकवून पाहिलं.

"वाजवन बघ."

"मी नाही, घरी दुसरं कुणी वाजवेल," मी खोटंच बोलले.

त्याने स्वतःच्या पोटावर थाप मारली. "पोर्तुगीज होते तेव्हा माझो बापूस कातडां पोटाक गुंडाळून हद्द वलांडी. शिपायांक वाटायचां, म्हातारो पोटभर जेवन इलो. तो बंदुकीक भियालो नाय, आणि तू बाजारातल्या चार माणसांक भियातंस?"

गोव्याच्या त्या हद्दीविषयी मी पुस्तकात वाचलं होतं, पण ती अशी ओलांडतात हे पहिल्यांदाच ऐकलं.

मी घुमट गळ्यात अडकवलं. पहिले दोन ठोके चुकले. मग ताल सापडला, आणि शेजारी गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं विकणारी बाई आरती गुणगुणू लागली. म्हाताऱ्याने वर पाहिलंही नाही. त्याने पुढचं मडकं मांडीवर घेतलं होतं.

घरी पोचताच मी आईला सांगितलं, "यंदा घुमट मी वाजवणार."