कढीपत्त्यावरचं पहिलं फुलपाखरू

बिबवेवाडीत तळमजल्यावरचं घर घेतलं तेव्हा सगळ्यांनी डासांची भीती घातली होती. मला मात्र स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेरची ती चिंचोळी जमीन हवी होती. तिथं मी कढीपत्ता आणि जास्वंद लावली. घाणेरी आपोआप उगवली, ती राहू दिली. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील. त्यांना मी आप्पा म्हणते.

आप्पांनी मार्केट यार्डातल्या फळबाजारात पस्तीस वर्षं हमाली केली. मूळचे साताऱ्याकडचे. पुण्यात इतकी वर्षं राहूनही बोलणं गावाकडचंच. अलीकडे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "दिसतंय की." दिसत काही नव्हतं. चहाचा कप चाचपडत शोधायचे. दिवाळीला मी त्यांना निळा शर्ट आणला, तर म्हणाले, "पुन्हा मातकटच आणलास? हल्लीच्या कापडात दमच न्हाई." म्हातारपणाची कुरकुर म्हणून मी सोडून दिलं.

थंडी ओसरली आणि कढीपत्त्याला नवी पालवी आली. एका सकाळी पोह्यांसाठी पानं तोडायला गेले, तर निम्मी खाल्लेली. उरलेल्या पानांवर चिमणीनं घाण केल्यासारखे काळे-पांढरे ठिपके होते. पुसायला हात पुढं केला, तर एक ठिपका चालायला लागला. नीट पाहिलं तर पानोपानी अळ्या होत्या. बारक्या काळ्या-पांढऱ्या, मोठ्या झालेल्या हिरव्यागार. मी कडुनिंबाच्या तेलाचं पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरून आणलं.

आप्पा पायरीवर बसले होते. "काय करतीयास?"

"अळ्या पडल्यात. फवारते."

"थांब, बघू दे."

बघणं म्हणजे हात लावणं. ते उठले आणि फांदीवरून सावकाश बोट फिरवत गेले. एका हिरव्या अळीला बोट लागलं मात्र, तिनं मान उचलली आणि डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर आली. मऊ, ओली शिंगं. मी मागं सरकले. आप्पांना ती दिसली नाहीत. त्यांनी बोट नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"मोसंबं," ते म्हणाले. मग पुन्हा वास घेतला. "न्हाई, इडलिंबू. पस्तीस वर्षं ह्यो वास डोक्यावर वागवलाय मी. अळीला कुठनं आला?"

त्यांनी बोट माझ्यापुढं धरलं. वास थोडा कुजकट होता, पण त्यात लिंबाच्या सालीचा तिखटपणा स्पष्ट होता. मी फोनवर शोधलं. कढीपत्ता आणि लिंबू-मोसंबी एकाच कुळातले, आणि एकच फुलपाखरू दोन्हींवर अंडी घालतं. आप्पांना वाचून दाखवलं.

"म्हंजे ह्यो मोसंब्याचा भाऊबंद," ते झाडाकडे तोंड करून म्हणाले. "आपण रोज फोडणीत टाकतो, आन् आपल्याला पत्ता न्हाई. अळीला ठावं हाय."

बाटली मी मोरीत रिकामी केली.

आठवडाभरात बऱ्याच अळ्या बुलबुलांनी टिपल्या. दोन वाचल्या. एक खिडकीखालच्या भिंतीवर चढली, दुसरी झाडाच्या खोडावर. खोडावरची मी संध्याकाळभर पाहिली. तिनं तोंडातून धागा काढून स्वतःच्या कमरेभोवती फास घेतला आणि खांबावरचा वायरमन पट्ट्यावर मागं रेलतो तशी रेलून बसली. दुसऱ्या दिवशी तिथं अळी नव्हती, हिरवा टोकदार कोश होता.

हे सगळं मी आप्पांना सांगायची आणि ते ऐकायचे. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "ते बाहेर येताना मला दिसलं पायजे. त्या डॉक्टरला विचार, लवकर हुतंय का."

दोन वर्षं मी विनवण्या केल्या होत्या. मी लगेच फोन लावला.

एका डोळ्याचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात झालं. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आप्पांना घेऊन दुपारी घरी आले आणि आधी मागचं दार उघडलं. भिंतीवरचा कोश फुटलेला होता. आत काही नव्हतं.

मी गप्प आहे हे त्यांना कळलं. "गेलं का?"

"हो."

ते पलंगावर बसले. "दुसरं हाय न्हवं?"

"आहे."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि काळा गॉगल आला. डॉक्टरांनी तो घरातसुद्धा काढायचा नाही असं बजावलं होतं. आप्पांनी दोन दिवस निमूटपणे ऐकलं. त्यातल्या दुसऱ्या संध्याकाळी खोडावरचा कोश काळपट झाला आणि त्याच्या पातळ सालीतून पिवळसर ठिपके दिसायला लागले. सकाळी मी उठले तेव्हा आप्पा प्लास्टिकची खुर्ची झाडाला लावून बसले होते.

साडेसातच्या सुमाराला त्यांनी हाक मारली. "बाय, ये."

कोशाला वरून चीर पडली होती. आतून एक ओलं डोकं बाहेर आलं, मग पाय. पायांनी ते फांदी शोधत होतं. मग सगळं अंग एकदम सुटून बाहेर आलं आणि माझा विरस झाला. पंख म्हणून काही नव्हतंच, पाठीवर दोन चुरगळलेल्या चिंध्या होत्या. ते धडपडत वर चढलं आणि उलटं लटकलं. आणि त्या चिंध्या भरायला लागल्या. आम्ही पाहत असताना, अगदी सावकाश, एकेक घडी उलगडत गेली. काळ्यावर फिकट पिवळे ठिपके रांगेनं उमटत गेले. कुणी काही करत नव्हतं. ते एवढंसं अंग थरथरत होतं आणि पंख होत होते. आप्पांनी गॉगल काढला.

"आप्पा, डॉक्टरांनी..."

"थांब."

ते पुढं वाकले. "हितं खाली, लाल ठिपक्याच्या वर. निळा हाय न्हवं?"

मला दिसत नव्हतं. मला तोंड अगदी जवळ न्यावं लागलं. मागच्या पंखाच्या टोकाशी, नखाच्या कडेएवढी निळी भुकटी होती.

"हो, निळा आहे."

त्यांनी स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. दिवाळीचा शर्ट होता. "आन् हा बी."

"तो पहिल्यापासून निळाच आहे."

"मला वाटलं, जगाचाच रंग उतरला," आप्पा म्हणाले, आणि पुन्हा फुलपाखराकडे वळले.

मी ज्या शाळेच्या ऑफिसात काम करते तिथं फोन केला. हेडक्लार्क बाईंनी उशिराचं कारण विचारलं. मला खोटं सुचेना. म्हटलं, "घरी फुलपाखरू बाहेर येतंय."

"अर्जात काय लिहिणार?"

"वैयक्तिक काम."

"तेवढंच लिहा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दीड तास आम्ही तिथंच होतो. पंख सुकले तसं ते एकदा सुटलं आणि खाली कपडे धुवायच्या दगडावर पडलं. आप्पांनी बोट पुढं केलं. ओझी उचलून घट्टे पडलेला तो हात मी लहानपणापासून पाहत आले आहे. कुठल्याही वस्तूवर पडला की ती वस्तू हलायची. आता तो हवेत धरल्यासारखा स्थिर होता. फुलपाखरू त्या बोटावर चढलं आणि पंख उघडझाप करत बसलं. आप्पा श्वाससुद्धा जपून घेत होते.

"वजनच न्हाई," ते हळूच म्हणाले. "काईच वजन न्हाई."

मग ते उडालं. कंपाउंडच्या भिंतीवर जरा टेकलं आणि शेजारच्या सोसायटीच्या शेवग्यावरून दिसेनासं झालं. आप्पांनी हात तसाच पुढं ठेवला होता. मी गॉगल त्यांच्या डोळ्यांवर चढवला तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं. उजेडामुळे असेल. मी विचारलं नाही.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं, त्यासाठी मला विनवावं लागलं नाही. हल्ली रविवारी आम्ही दोघं मागच्या पायरीवर चहा घेतो. घाणेरीवर बारकी पिवळी फुलपाखरं येतात, रुंद पंखांची भगवी येतात. परवा आप्पांनी विचारलं, "ही पयल्यापासनं येत हुती?"

"येत असतील," मी म्हटलं. "मीसुद्धा आत्ताच पाहतेय."