चिंटू भैयाचा दहावा

अवंतिका रडली नव्हती. नऊ दिवस झाले तरी नाही. मनीषा शाळेत सहावीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवताना फळ्यावर अर्धी रेघ ओढून थांबायची. पोरं विचारायची, "मॅडम, आगे?" आणि पुढं काय ते तिला आठवायचं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत असायची. अख्खं जबलपूर त्या माणसासाठी रडून घेतंय आणि आपली पोरगी घरात उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत बसली आहे.

"अभ्र्यांना कोण इस्त्री करतं?" ती नवऱ्याला म्हणाली.

विनय रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. जे चालू आहे त्याला हात लावायचा नाही, हा त्याचा घरातलाही नियम. "करू दे ना. काहून मागं लागून राहिली तिच्या? कोण लागत होता तो तिचा?"

"तेच तर मला समजत नाही."

हे अर्धंच खरं होतं.

तो म्हणजे चिंतामणी. गावासाठी चिंटू भैया. वय सेहेचाळीस, संरक्षण खात्याच्या कारखान्यात लेथ मशीनवरचा टर्नर, आणि 'थर्ड शिफ्ट' या बँडचा बेस गिटार वाजवणारा. वडील त्याच कारखान्यात होते, आजोबाही. एकोणिसाव्या वर्षी तो अप्रेंटिस म्हणून लागला. त्याच्या बॅचची चार पोरं दुसरी पाळी संपवून क्वार्टरमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वाजवत बसायची. शेजारी वैतागून म्हणायचे, इनकी तो अब थर्ड शिफ्ट चालू है. तेच नाव पडलं. सत्तावीस वर्षं तेच चौघं. गाणी त्यांची स्वतःची आणि हिंदीत. कारखान्याच्या भोंग्याची, सायकल स्टँडची, वडिलांची बदली झाली म्हणून गाव सोडून गेलेल्या एका मुलीची. कॉलेजांचे वार्षिकोत्सव, सिहोऱ्याची जत्रा, कुणाचं लग्न, जिथं बोलावतील तिथं ते वाजवायचे. टीव्हीवर ते कधी दिसले नाहीत, पण जबलपुरातल्या दोन पिढ्यांना त्यांची गाणी तोंडपाठ होती. मनीषा इथंच जन्मली, इथंच एम.ए. झाली, आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी पहिली पाळी संपवून तो सायकल काढायला गेला आणि स्टँडवरच खाली बसला. हार्ट अटॅक. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी कमानिया गेटपाशी दीड-दोनशे पोरंपोरी जमली. काळे टी-शर्ट, मोटरसायकली, स्पीकर. आधी मेणबत्त्या लावल्या, मग एकमेकांच्या गळ्यात पडून रडली, मग खोव्याची जलेबी वाटली कारण भैयाला ती आवडायची, आणि मग नाचली. मनीषा भाजी घेऊन तिथून चालली होती. डोळे सुजलेल्या एका मुलीनं तिच्या हातात द्रोण दिला. "आंटी, चिंटू भैया के नाम की." मेलेल्या माणसाच्या नावाची गरम जलेबी. ही खायची असते की नाही ते तिला कळेना. घरी आणून तिनं द्रोण फ्रिजमध्ये ठेवला. अवंतिकानं फ्रिज उघडला, द्रोण पाहिला, काही विचारलं नाही, आणि दही काढून दार लावलं.

आता उरलेलं अर्धं.

मागच्या वर्षी पावसाळ्यात अवंतिका त्याच्याकडं बेस शिकायला जायला लागली. जाड चार तारांचं ते वाद्य. "ऐकू तर काही येत नाही त्याचं," मनीषा म्हणाली होती. तेव्हा अवंतिकानं तिचा हात धरून स्वयंपाकघरातल्या गव्हाच्या पत्र्याच्या कोठीवर ठेवला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन वाजवलं. हाताखाली कोठी गुरगुरली. "आया समझ में?" अवंतिका बाहेरून ओरडली. एकदा मनीषानं कुकर उघडला तर वरणाच्या जागी तारा उकळत होत्या. जुन्या तारा उकळल्या की मळ निघतो आणि त्या परत बोलायला लागतात, भैयाही असंच करतात, हे स्पष्टीकरण मिळालं.

मुलगी वीस वर्षांची. तो पंचेचाळीसचा, बिनलग्नाचा. दर रविवारी दहा ते दोन. जेवताना भैया असं म्हणाले, भैया तसं म्हणाले. मग शाळेतल्या एका बाईंनी सहज विचारलं, "बिटिया अकेली जाती है वहाँ?" त्या दिवसापासून मनीषा रविवारी दहा ते दोन घड्याळ बघत बसायची.

फेब्रुवारीत तिनं मुलीच्या फोनमधून नंबर काढला आणि शाळेच्या प्रयोगशाळेचं दार आतून लावून त्याला फोन केला. तुमचं वय काय, तिचं वय काय, लोक काय म्हणतील याची काही लाज आहे का. यापुढं तिला येऊ द्यायचं नाही, आणि मी फोन केला होता हे तिला कळता कामा नये. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "हो ताई. नाही बोलावणार." मग त्यानं विचारलं, "तिची वही माझ्याजवळ राहिली आहे. कोणाच्या हातानं पाठवू?"

"फेकून द्या," मनीषा म्हणाली.

त्या रविवारी अवंतिका अर्ध्या तासात परत आली आणि गिटार माळ्यावर टाकली. विचारलं तर म्हणाली, "भैया म्हणाले, तुझ्याच्यानं होणार नाही. मत आया कर." बस्स. मनीषाला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्याच क्षणी रागही आला, की माझ्या मुलीला असं म्हणणारा हा कोण. त्याच्यावर ती दोन्हीकडून चिडली होती.

नऊ महिने अवंतिका माळ्याकडं फिरकली नाही. आपल्यात ते नाहीच, असं तिनं धरून ठेवलं. आणि आता ज्यानं ते सांगितलं तो माणूस ते शब्द परत घ्यायला उरला नव्हता. खरं काय घडलं ते सांगू शकणारी एकच बाई उरली होती आणि ती अपूर्णांक शिकवत होती.

दहाव्या दिवशी सकाळी अवंतिका म्हणाली, "मी ग्वारीघाटला जाऊन येते."

"मीही येते."

"तू काहून?"

"अशीच."

नर्मदेच्या घाटावर चिंतामणीचे मोठे भाऊ पुंडलिक नागपूरहून येऊन क्रिया करत होते. त्यांची आई शरयूकाकू प्लास्टिकच्या खुर्चीवर पदर सावरून बसली होती. वरच्या पायऱ्यांवर शंभरेक काळे टी-शर्ट. पिंड मांडून सगळे मागं सरले, कावळ्यानं शिवायची वाट बघू लागले, आणि नेमकं तेव्हाच वरच्या पोरांनी गिटारी काढून भैयाचं गाणं सुरू केलं. आधी हळू, मग जोरात, मग टाळ्या. पिंपळावरचे सगळे कावळे उडून पार पलीकडच्या तीरावर गेले.

"अरे भैया, बंद करो," गुरुजी म्हणाले. "कौआ क्या नाचने आएगा?"

"पंडितजी, चिंटू भैया को यही पसंद था."

"भैया को था. कौए को नहीं है."

लोक हसले, हसता हसता डोळे पुसले. गाणं थांबलं. पुंडलिकांनी पोरांना समजावलं की आमच्यात असं मानतात, गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं असलं तर कावळा शिवत नाही. मग कुणीतरी त्याला वचन द्यायचं असतं. पोरांना हे फारच आवडलं. एकेक जण पुढं येऊ लागला. बँडचा गाणारा अनुपम पायऱ्या उतरून आला, हात जोडून म्हणाला, "चिंटू, अधूरे गाने पूरे करेंगे." कावळा नाही. ढोलावरचा नथ्थू म्हणाला, "तेरी साइकिल किसी को नहीं दूँगा." कावळा नाही. सिहोऱ्याहून आलेला एक जण म्हणाला, "भैया, कल से सिगरेट बंद." मागून कुणीतरी म्हणालं, "झूठ मत बोल, इसीलिए नहीं आ रहा."

शेवटी पुंडलिक नदीकडं बघून म्हणाले, "आईची काळजी करू नको. मी तिला नागपूरला नेतो."

"त्याला खोटं नको सांगू," काकू खुर्चीतून म्हणाली. "मी कुठंच जाऊन नाही राहिली."

एक कावळा परत आला, पण तो कुणाच्या तरी गिटारच्या पेटीवर बसून जलेबीच्या पुड्याकडं बघत राहिला. अवंतिका सगळ्यांपासून दूर, कठड्याला टेकून उभी होती. कोरडी.

मनीषा कावळ्याबिवळ्यावर विश्वास ठेवणारी नव्हती. तरी ती दोन पायऱ्या खाली उतरली. 'सांगेन मी तिला' एवढंच मनात म्हणायचं होतं. कुणाला ऐकूही गेलं नसतं. पण म्हटलं आणि कावळा उतरला तर? आणि म्हटलं आणि नाही उतरला तर? दोन्हीतलं जास्त वाईट कुठलं हे ठरेपर्यंत गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. "हो गया," ते म्हणाले. परीक्षेत चिठ्ठी सापडता सापडता वाचलेल्या पोरासारखं तिला वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

"अवंतिका, पाणी आहे का ग?" तिनं हाक मारली. अवंतिका बाटली आणायला स्कूटरकडं गेली. तेवढ्यात शरयूकाकूनं मनीषाला बोटानं जवळ बोलावलं.

"तू अवंतिकाची आई ना? आवाजावरून ओळखलं."

"आवाजावरून?"

"चिंतामणीला कमी ऐकू येत होतं. मशीन आणि तो बाजा, दोघांनी मिळून कान खाल्ले त्याचे. फोन स्पीकरवर टाकायचा." काकू शांत होती. "तुझा फोन आला तेव्हा मी तिथंच बसून मटार सोलून राहिली होती."

मनीषा तिच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसली.

"हिवाळ्यात पनागरहून दहा किलो मटार यायचा. रविवारी सगळ्यांना सोलायला बसवायची मी. तुझी पोरगी पण. आधी मटार, मग गिटार, असा कायदा होता माझ्या घरी. दारं उघडी, मी समोर. एकदा येऊन बघायचं ना बाई."

"काकू, त्यानं तिला सांगितलं का नाही? माझं नाव?"

"मी पण हेच विचारलं. म्हणाला, आईचं नाव घेतलं तर पोरगी घरी भांडेल. माझ्यावर चिडू दे, मी काय तिच्या घरात राहतो?" काकूनं पदरानं नाक पुसलं. "पण 'तुझ्याच्यानं होणार नाही', हे नव्हतं बोलायचं. दोन दिवस बोलली नाही मी त्याच्याशी. खोटं बोलायची सवय नाही, म्हणून असलं काहीतरी बोलून बसला. वही आहे घरी. तू फेकायला सांगितली, त्यानं नाही फेकली. पाठव तिला घ्यायला." मग तिच्याकडं बघून म्हणाली, "पण कशी पाठवशील?"

अवंतिका पाणी घेऊन येत होती. वाटेत अनुपमनं तिला अडवलं. "सुन, शाम को छह बजे मैदान पर सब बजाएँगे. बेस तू बजा दे. उसका हाथ तेरे सिवा किसी को नहीं आता."

"नहीं अनुपम भैया. उन्होंने खुद मना किया था मुझे."

"पागल है क्या? वो तो..."

"बोला ना, नहीं. सुनने आऊँगी." तिनं बाटली आईच्या हातात दिली आणि मैत्रिणींबरोबर मंडप बांधायला निघून गेली. डोळे तसेच कोरडे.

घरी आल्यावर मनीषानं विनयला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. त्यानं चष्मा काढून पुसला.

"आता सांगून काय होणार?" तो म्हणाला. "तो तर गेला. ती तुझ्यावर चिडेल, एवढंच."

त्याचं चूक नव्हतं. मनीषा स्टुलावर चढली, माळ्यावरून गिटार काढली, ओल्या फडक्यानं पुसली. एक तार गंजली होती. हे आपण मुलीसाठी करतोय, की त्या माणसाचं नाव स्वच्छ व्हावं म्हणून, की रात्री झोप यावी म्हणून? तिला काही वेगळं काढता येईना. सांगितलं तर मुलीला तिची गिटार परत मिळेल आणि आई कदाचित बरेच दिवस मिळणार नाही. नाही सांगितलं तर अभ्र्यांना इस्त्री होत राहील. शिवाय तो माणूस तिला अजूनही नीट कळला नव्हता. कुणाच्या तरी घरात भांडण नको म्हणून आपल्या नावावर वाईटपणा घेणारा, आणि तो घेताना त्याच मुलीला एवढा घाव घालणारा. चांगला की बेफिकीर? की माझ्यासारखाच, घाईत जे सुचलं ते बोलून बसलेला?

सव्वापाच वाजले होते. मैदान स्कूटरवर वीस मिनिटांवर. तिनं फोनमध्ये अवंतिकाचं नाव काढलं.

"घरी आली की निवांत सांग," विनय म्हणाला. "फोनवर अशा गोष्टी बोलतात का?"

"घरी येईपर्यंत गाणं होऊन जाईल," मनीषा म्हणाली. "तुम्ही स्कूटर काढा, ही गिटार पोचवायची आहे." आणि तिनं फोन लावला.